झिपरीची एकादशी

आखाडा बाळापूर
१६ फेब्रुवारी

जाई बाळा,

आशीर्वाद घे आणि आधी पाकिटातली पानं मोज. सत्तावीस दिवसांची आहेत. दोन पानं हळदीनं चिकटलीत, ती नखानं हळूच सोडव, ओढू नको.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि तुझी आई आशा मधेच फोन घेते, म्हणून पत्रच बरं. पत्रात मला कोणी थांबवत नाही. मी तिसरी शिकलेली बाई, पण अक्षर माझं पहिल्यापासून गोल आहे. तुझ्या बापाचं अक्षर बघ, मुंग्या चालल्यासारखं.

तू सांगितलं तसं सगळं चालू आहे. सकाळी सातला झिपरीच्या कानाच्या कडेला टोचायचं, थेंब मशीनला लावायचा, आकडा लिहायचा. मग खाणं, मग सुईवरच्या चार रेघांइतकं साखरेचं इंजेक्शन. संध्याकाळी सातला पुन्हा तेच. आशा म्हणते, "आत्याबाई, तुमचा हात लई हलका हाय." हलका असणारच. तुझ्या आजोबांना सात वर्षं मीच टोचलं. ते ओरडायचे, झिपरी ओरडत नाही. अकरा वर्षांची कुत्री, म्हातारी झाली, पण माझ्या मांडीवर कान टाकून गपचूप बसते. औषध फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या शेजारी ठेवलं आहे. आशानं त्यावर चिठ्ठी लावली, ‘खायचं नाही’. कोण खाणार आहे?

शेजारची गंगूताई काल ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "पार्वतीबाई, तुमची नात तिकडं नेमकं काय शिकवून राहिली?" मी म्हटलं, कुत्र्याला साखर झाली, मांजराचं मूत्रपिंड बिघडलं, तर काय करायचं ते शिकवते. डॉक्टर होणाऱ्या पोरांना शिकवते. ती पदर तोंडाला लावून हसली. "मंग कुत्र्याला बीपी बी ऱ्हातो का?" मी म्हटलं, ऱ्हातो. मला माहीत नव्हतं, पण म्हटलं. राहतो का गं?

दोन दिवस रेल्वेत बसून जावं लागतं इतक्या लांब तू मास्तरीण झालीस. तुझ्या अभ्यासात अकरा कुत्री आहेत, त्यातली एक माझी झिपरी, हे मी बाळापूरच्या बाजारात सुद्धा सांगितलं. भाजीवाल्यानं कौतुकानं दोन लिंबं जास्त टाकली.

तुझ्या बापाचं विचारत नाहीस, तरी सांगते. बरा आहे. हळद शिजवायचा कुकर शेतातल्या आखाड्यावर आला आहे, म्हणून दिवसभर तिथंच असतो. हात, बनियन, मिशा सगळं पिवळं. तू झिपरीला रोज उकडलेलं अंडं सांगितलंस. मी माळकरी, माझ्या चुलीवर अंडं कसं चढणार? तर ते आखाड्यावर हाच उकडतो आणि फडक्यात बांधून आणतो. विचारलं तर म्हणतो, "मी माझ्यासाठी उकडलं, एक उरलं." रोज एक उरतं.

तू निघताना विचारलं होतंस, एकादशीला घरात तवा चढत नाही, मग झिपरीचं काय. मी म्हटलं होतं, तिच्यासाठी वेगळी भाकरी टाकीन. तर पानात लिहिलं आहे बघ, भाकरी म्हणून.

बाकी काय, यंदा हळदीला वास चांगला आहे. तू स्वेटर घालत जा.

तुझी आजी


१२ मार्च

जाई बाळा,

तुझा फोन आला तेव्हा मी देवळात होते. आशानं सांगितलं आणि मी चप्पल एका पायात राहिली तरी तशीच घरभर फिरले.

म्हणजे झिपरीच्या साखरेत तुला असं काही दिसलं की जे पुस्तकात नाही! दर पंधरा दिवसांनी चढते आणि दुसऱ्या दिवशी उतरते, घड्याळ लावल्यासारखी. एरवी दोनशेच्या आसपास, आणि त्या दिवशी संध्याकाळी चारशे. तुझे सर म्हणाले, हे मोठं आहे, शरीराच्या आतलं काही चक्र असेल, परिषदेत मांडा. आणि दोन मेला तुझी कायम होण्याची मुलाखत आहे, तिथंही हेच दाखवायचं. आशाला मी तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आत्याबाई, आता मीच परिषदेत जाते."

तुझ्या सरांनी विचारलं म्हणे, खाण्यात बदल होत असेल का. आणि तू म्हणालीस, माझी आजी लिहिते, आजी खोटं लिहिणार नाही.

बरं.

आमच्याकडं होळीची तयारी चालली आहे. गोवऱ्या वाळल्या. आशाच्या गुडघ्याला सूज होती, ती उतरली. मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं की झिपरीवर परिषद भरणार आहे. गंगूताई म्हणाली, "मंग तिला साडी नेसवा." तिला जळू दे.

तुझ्या बापानं जेवताना ऐकलं. मान वर केली नाही, भाकरी कुस्करत राहिला. मग म्हणाला, "किती चढती म्हणली?" मी म्हटलं, चारशे. म्हणाला, "बापरे." एवढंच. पण तीन वर्षांत तुझ्या कामाबद्दल त्यानं विचारलेला हा पहिला प्रश्न आहे, म्हणून लिहून ठेवते.

जाई, तू त्याच्यावर राग धरू नको असं मी म्हणणार नाही, तुझा राग तुझा आहे. पण एक तुला माहीत नाही. इथल्या गुरांच्या दवाखान्यात सरकारी जागेवर तुझी निवड झाली, तेव्हा त्यानं साऱ्या बाळापुरात पेढे वाटले. मग तू ती जागा सोडून पुढं शिकायला गेलीस, कुत्र्या-मांजराचं. लोक त्याला चहाच्या टपरीवर विचारायचे, "काय भीमराजराव, लेक काय भूभूची डॉक्टर झाली का?" तेही त्यानं गिळलं. पण त्याच उन्हाळ्यात आपली मोठी म्हैस वीत असताना अडली. दवाखान्याची खुर्ची रिकामी, वसमतहून डॉक्टर येईपर्यंत म्हैस गेली. रेडकूही गेलं. तो गोठ्यात बसून म्हणाला, "ही खुर्ची माझ्या लेकीची व्हती." त्या दिवसापासून बोलणं बंद. तो तुला हे सांगणार नाही. मी सांगितलं हेही त्याला सांगू नको.

पानं चोवीस दिवसांची आहेत. दहा तारखेला ३९६ लिहिलं आहे, ते नीट वाचता येत नसेल तर फोन कर.

तुझी आजी


३१ मार्च

जाई बाळा,

पाडवा झाला. गुढीला यंदा तुझ्या आजोबांचं उपरणं बांधलं.

तू आशाच्या फोनवर चित्र पाठवलंस ते बघितलं. झिपरीच्या साखरेची रेघ. सरळ जाते, मग डोंगर, पुन्हा सरळ, पुन्हा डोंगर. पाच डोंगर मोजले. एकेका डोंगरावर बोट ठेवलं तर मला प्रत्येक दिवस आठवतो. आशा म्हणाली, काय झालं, डोळे काहून पुसून राहिल्या? मी म्हटलं, कौतुकानं. कौतुक होतंच.

एक विचारायचं होतं. गंगूताईच्या कुत्र्यासाठी विचारते. कुत्र्याला रताळं चालतं का? आणि भगर? समजा एखाद्या कुत्र्याला साखर असेल आणि त्यानं साबुदाण्याची खिचडी खाल्ली, अगदी वाटीभर, तर काय होतं? घाई नाही, सवडीनं कळव.

गंगूताईचं कुत्रं तू बघितलं नसशील. काळं आहे.

तू म्हणालीस, पुढच्या वेळी सुद्धा साखर अशीच चढली तर चार रेघा कमी पडतात असं समजायचं आणि पाच करायच्या. तुला माझ्यापेक्षा कळतं. पण मला वाटतं, चारच राहू दे. का ते विचारू नको, म्हातारीला वाटतं.

हळद वाळायला टाकली आहे. अंगणापासून रस्त्यापर्यंत पिवळं झालं आहे. झिपरी तीत लोळते, पांढरी कुत्री पिवळी होऊन घरात येते.

तुझी आजी


१३ एप्रिल

जाई,

झिपरी जिवंत आहे. हे आधी लिहिते, कारण टपालाला चार दिवस लागतात आणि तोवर तुझा जीव टांगणीला नको. फोनवर तुला कळलंच आहे, पण तू रडत होतीस. रडताना माणसाला नीट कळत नाही, आणि मला नीट ऐकू येत नाही, म्हणून सगळं पुन्हा लिहिते.

दहा तारखेला तुझा निरोप आला की आठ तारखेला पुन्हा चढली, आता पाच रेघा. मी दिल्या. काल हनुमान जयंती. सकाळी सातला पाच रेघा दिल्या. झिपरीनं अर्धीच भाकरी खाल्ली. मी देवळात जायच्या घाईत होते, म्हटलं नंतर खाईल. दुपारी बारा वाजता आखाड्यावर भाकरी घेऊन गेले, ती माझ्या मागं आली. हळदीच्या ढिगाजवळ तिचे मागचे पाय वाकडे पडायला लागले. दारू प्यालेल्यासारखी. मग आडवी झाली आणि पाय झाडायला लागली, तोंडाला फेस.

मी नुसती उभी. तुझ्या आजोबांना मी इतकी वर्षं सांभाळलं, पण माझे हात चालेनात. आखाड्यावरच असलेली आशा ओरडली. तुझा बाप ढिगावरून उडी टाकून आला. त्यानं खिशातून फोन काढला आणि तुझा नंबर लावला. जाई, त्याला शोधावा लागला नाही. त्याच्या फोनमध्ये तू पहिलीच आहेस.

तू तिकडून म्हणालीस, साखरेचं पाणी करा, पाजू नका, घशात जाईल, बोटानं हिरड्यांना चोळा. आखाड्यावर साखर नव्हती. चहाचा गूळ होता. त्यानं गूळ पाण्यात कुस्करला आणि तिच्या तोंडात बोटं घालून चोळत राहिला. तू विचारलंस, "हिरड्या कशा दिसतात?" तो म्हणाला, "पिवळ्या." तू घाबरलीस, म्हणालीस, कावीळ? फोन तिच्या तोंडासमोर धरा. त्यानं धरला. मग तूच म्हणालीस, "बाबा, ती तुमच्या बोटांची हळद आहे."

त्यानं आपल्या हाताकडं बघितलं आणि हसला. तेव्हाच झिपरीनं त्याचं बोट चावलं. म्हणजे वाचली.

मग तू मला फोन द्यायला सांगितलंस आणि जे बोललीस त्यातलं एवढंच मला ऐकू आलं. "आजी, मी चुकले. माझ्या हातानं ती गेली असती. मला हे चक्रच कळलेलं नाही, आणि मी पोरांना शिकवते. मी नाव मागं घेते, परिषदेतूनही आणि मुलाखतीतूनही."

तू चुकली नाहीस. आता खरं लिहिते.

एकादशीला मी झिपरीला भाकरी कधीच दिली नाही.

तुला कबूल केलं ते मनापासून केलं होतं. पण पहिल्या एकादशीला तव्याला हात लावला आणि तो उचलवेना. साठ वर्षं त्या दिवशी माझ्या घरात तवा चढलेला नाही. आदल्या दिवसाची शिळी भाकरी ठेवून बघितली, तिनं हुंगून सोडली. आणि मी फराळाला बसले की ती समोर बसते, तिला नाही कसं म्हणायचं? तूच सांगितलं होतंस, पानात एकही रकाना रिकामा नको आणि रोजचं खाणं एकसारखं पाहिजे. म्हणून मी एकसारखं लिहिलं. एक दिवसानं काय होतंय, असं वाटलं. नंतर तुझे डोंगर दिसायला लागले आणि तू इतकी आनंदात होतीस की मला सांगवेना. मी पण आनंदात होते. खोटं सांगत नाही, मला वाटलं देवच करत असेल.

आता लिहून घे.

जानेवारीतली एकादशी. साबुदाण्याची खिचडी, वाटीभर. त्या दिवशी आशाचा भाऊ आला होता म्हणून जास्त केली होती.

आठ फेब्रुवारी. भगर आणि शेंगदाण्याची आमटी. आमटीत गूळ घातला होता. तिनं वाटी चाटून पालथी केली.

चोवीस फेब्रुवारी. लाइट गेली होती, काही केलं नाही. केळी होती. तिनं दीड खाल्लं.

दहा मार्च. उकडलेली रताळी, दोन. साल काढून. तुझा ३९६ तो हाच.

पाडव्याच्या आधीची. पुन्हा खिचडी, आणि गंगूताईनं राजगिऱ्याचे लाडू आणले होते, त्यातला एक. लाडू तिलाच आवडला, मला कडक लागला.

आठ एप्रिल. भगर. तूप घालून.

हे मला विसरता येत नाही. एकादशीचं काय केलं हे कुठली बाई विसरते?

पुस्तकात नाही असं काही नाही बाळा. तुझी आजी पुस्तकात नाही एवढंच. तुझ्या सरांना हे पत्र दाखव. नाव मागं घेऊ नको. माझं नाव घे.

पार्वतीबाई


२२ एप्रिल

जाई बाळा,

ते पत्र तुला हातात मिळालं नाही, कानावर मिळालं. तुला ऐकू आलं, पण दिसलं नाही, म्हणून इकडचं सांगते.

टपालाला वेळ लागेल म्हणून मी पाकीट तुझ्या बापाकडं दिलं. वारंगा फाट्यावर कुरियरचं दुकान आहे, तिथं टाक म्हटलं. मी पाकीट नीट डकवलं नव्हतं. दुकानवाल्यानं विचारलं, आत काय? कागद का सामान? हा उघडून बघायला गेला आणि तिथंच बाकावर बसून वाचलं.

दुपारी परत आला. गाडी लावली, पाकीट माझ्यापुढं ठेवलं.

"माय, हे खरं हाय का?"

मी म्हटलं, व्हय.

"आमच्या लहानपणी खोटं बोललो तर तू चिंचेच्या फोकानं मारायचीस."

"मंग आण फोक."

मला वाटलं आता ओरडेल. आशा तर दारात उभी राहिली, मधे पडायच्या बेतानं. तो म्हणाला, "ती लेक तिकडं नाव मागं घेऊन बसली. टपाल जाईस्तवर सगळं संपंल. फोन लाव."

मी म्हटलं, मला ऐकू येत नाही, मी काय लावू? तूच सांग तिला.

"मी काय सांगू? आमचं बोलणं हाय का?"

"शनिवारी तर बोललास."

"ते झिपरीसाठी."

"मंग हे बी झिपरीसाठीच हाय."

तेव्हा त्यानं लावला. तू उचललास. त्यानं ‘हॅलो’ सुद्धा म्हटलं नाही, एकदम वाचायला लागला, शाळेत उभं राहून धडा वाचावा तसा. "झिपरी जिवंत आहे. हे आधी लिहिते." माझं पत्र, माझे शब्द, आणि आवाज भीमराजचा. ‘त्याच्या फोनमध्ये तू पहिलीच आहेस’ या ओळीवर आला आणि अडला. माझ्याकडं रागानं बघितलं. मला वाटलं गाळेल. गाळलं नाही, पण ती ओळ इतकी भरभर वाचली की तुला कळली की नाही कोणास ठाऊक. कळली नसेल म्हणून इथं पुन्हा लिहिली आहे.

सगळं वाचून झाल्यावर आशा म्हणाली, फोन कटला का? मग तू काय विचारलंस ते त्यानं मला मोठ्यानं सांगितलं. "ती विचारती, रताळी केवढी व्हती? मुठीएवढी का छोटी?"

मी म्हटलं, मुठीएवढी. त्याच्या मुठीएवढी नाही, माझ्या.

मग तुम्ही दोघं पाऊण तास बोललात. वाटी कोणती, किती पाण्याची, लाडवाचं वजन किती. तो घरातली फराळाची वाटी घेऊन बसला आणि त्यात पाणी भरून मापानं मोजत होता. आशानं चहा केला, तो गार झाला. मला मधे मधे विचारत होता, "माय, आमटीत गूळ किती?" तुम्ही दोघांनी माझी कोर्टात उभी केल्यासारखी उलटतपासणी घेतली. मला वाईट वाटलं नाही.

शेवटी तू म्हणालीस की सरांना आजच सांगणार. तो म्हणाला, "सांग. काय व्हायचं ते व्हईल." फोन ठेवला आणि मला म्हणाला, "सर तिला काढतील का गं?" मी म्हटलं, मला काय माहीत. बारा दिवस राहिले तुझ्या मुलाखतीला असं मी लिहिणार होते, पण आशा म्हणते दहाच.

चार रेघाच देते आहे. आकडे १९०, २१०, २०४ असे येतात. खरे आहेत. आशाला सही करायला लावते आता शेजारी, साक्षीदार म्हणून.

तुझी आजी


११ मे

जाई बाळा,

तुझी निवड झाल्याचा फोन तू आईच्या फोनवर केला नाहीस, बापाच्या केलास, हे मी बघितलं. आशा थोडी रुसली, मग विसरली.

त्यानं ऐकलं आणि मला ओरडून सांगितलं, "कायम झाली! परमनंट!" मी म्हटलं, ऐकू आलं, गल्लीला पण आलं. गंगूताई पळत आली. तिला वाटलं कोणी गेलं.

तू जे सांगितलंस ते मी आशाकडून दोनदा ऐकलं आणि मनात ठेवलं आहे, बरोबर आहे का बघ. मुलाखतीत तू पाच डोंगरांचं चित्र दाखवलंस, सहावाही जोडलास, आणि म्हणालीस, यात माझी चूक आहे, मी घर ओळखीचं म्हणून चौकशी केली नाही. मग सगळं एकादशीचं सांगितलंस. ते लोक हसले. तुला वाटलं संपलं. त्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं, बाकीच्या दहा कुत्र्यांच्या घरात उपास कोण करतं? आणि तुझ्याकडं उत्तर तयार होतं, कारण त्या दहा दिवसांत तू दहाही घरी फोन करून विचारलं होतंस. चार घरांत सोमवार, गुरुवार, चतुर्थी काही ना काही होतं, आणि चारही कुत्री घरच्यांबरोबर फराळ करत होती. आणि कोणीही ते लिहिलं नव्हतं. म्हणजे मी एकटी नाही. हे ऐकून मला फार बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

परिषदेतला निबंध मात्र तू मागं घेतलास आणि नव्यानं लिहिणार आहेस. लिही. घाई नाही. आणि वर्गातल्या पोरांना तू आता पहिला प्रश्न हाच शिकवतेस म्हणे, दुखणं काय ते नंतर, आधी विचारा, तुमच्या घरात उपास कोणाचा असतो. पोरं वहीत लिहून घेतात. मी गल्लीत सांगितलं, माझ्यावरून कॉलेजात धडा निघाला. गंगूताई म्हणाली, "लबाडीचा." मी म्हटलं, लबाडीचा तर लबाडीचा, निघाला ना? तुझ्या राजगिऱ्याच्या लाडवाचं पण नाव आहे त्यात. तेव्हापासून ती सगळ्यांना लाडू दाखवत फिरते.

आता आठ तारखेचं. म्हणजे या वेळच्या एकादशीचं. चोवीस एप्रिलची गल्लीतून भाकरी मागून भागवली होती, पण दर वेळी कोण देणार?

मी आदल्या दिवसापासून धसका घेतला होता. तवा चढवायचा नाही, आणि झिपरीला फराळ द्यायचा नाही. मी झिपरीसाठी नियम मोडायला तयार होते, खरंच तयार होते, सकाळी आंघोळ करून पीठ सुद्धा काढलं. तर तुझा बाप आला आणि परात उचलून घेऊन गेला. "तू तुझी एकादशी कर. आखाड्याला एकादशी न्हाई."

आशा म्हणाली, "अवो, तुमाला भाकरी येती का?"

"अंडं येत व्हतं का?"

झिपरी त्याच्या मागं गेली. मी लांबून बघत होते. त्यानं तीन दगड मांडले, तवा ठेवला. पहिली भाकरी थापताना फाटली. दुसरी करपली. तिसरी जाड झाली, आपल्या ओट्याच्या फरशीएवढी, पण अख्खी उतरली. ती त्यानं फुंकून फुंकून गार केली, कुस्करली, मूग घातले, अंडं घातलं. तिनं सगळं खाल्लं. कानाला त्यानंच टोचलं, इंजेक्शनही त्यानंच दिलं, मी फक्त बाजूला बसले. हात त्याचा जड आहे, तिनं एकदा कुईं केलं. संध्याकाळी आकडा २०२ आला. एकादशीला २०२. त्यानं मशीन मला दाखवलं, आशाला दाखवलं, कुकर न्यायला आलेल्या माणसाला पण दाखवलं.

ते पान सोबत ठेवलं आहे. आठ तारखेची ओळ माझ्या अक्षरात नाही, मुंग्यांच्या अक्षरात आहे, म्हणून घाबरू नको. खाण्याच्या रकान्यात त्यानं ‘भाकरी (जाड)’ लिहिलं आहे. शेवटचा रकाना, इंजेक्शन देणाऱ्याचं रुग्णाशी नातं, तिथं मी रोज ‘आजी’ लिहिते. तिथं त्यानं आधी ‘मालक’ लिहिलं होतं. ते खोडलं. मग पेन तोंडात धरून बसला. मी म्हटलं, लिही की, झिपरीचा तू कोण? तो म्हणाला, "झिपरीचा न्हाई, हे पान ज्याला जाणार त्याचा कोण, ते लिहायचं असंल."

मी म्हटलं, तसं नाही रे, नीट वाच.

त्यानं वाचलं नाही. लिहून टाकलं, आणि आता ते खोडू नको म्हणून मला बजावलं. बघ तू. ‘बाप’ लिहिलं आहे.

तुझी आजी
पार्वतीबाई